पुराच्या वर एक हात

माघ ९

बैठक झाली आणि माझं म्हणणं मान्य झालं.

संस्थेच्या तहमिना आपा सकाळी तोता मियाँच्या होडीतून बेटावर आल्या. हवामान बदलत चाललंय, पूर अवेळी येतात, तेव्हा पुढच्या पाच वर्षांसाठी प्रत्येक गावाने आपलं ध्येय आपणच ठरवायचं, असा त्यांचा कार्यक्रम. शाळेच्या अंगणात त्यांनी चुन्याने पाच चित्रं काढली: उंच जोत्यावरचं घर, मोठी होडी, हातपंप, दवाखाना, गोठा. दर घराला मक्याचे तीन दाणे. ज्या चित्रावर जास्त दाणे पडतील ते शालिक चराचं, म्हणजे आमच्या या नदीतल्या बेटाचं, ध्येय.

दाणे टाकायच्या आधी मी बोलायची परवानगी मागितली. मी तिसरीपर्यंत शिकलो. पुढचं जे आहे ते माझं मी मिळवलेलं आहे आणि तपासून घेतलेलं आहे. पलीकडच्या काठावर, बांधाच्या मोरीच्या विटांवर, अठ्ठ्याऐंशीच्या महापुराची खूण आहे. ती मी बेटावर कशी आणली ते सगळ्यांना सांगितलं. वारा नसलेल्या सकाळी तिकडे खुणेपासून पाण्यापर्यंत दोरी सोडून गाठ मारली. त्याच सकाळी इकडे येऊन पाण्यापासून तेवढीच दोरी वर धरली आणि शाळेच्या खांबावर चाकूने रेघ ओढली. पुढे सरकारी मोजणीवाले दुर्बिणी घेऊन आले, तेव्हा त्यांच्यात आणि माझ्यात दोन बोटांचा फरक निघाला. चूक त्यांची होती.

"अडतीसही घरांची जोती या रेघेच्या एक हात वर न्यायची," मी म्हणालो. "मग अठ्ठ्याऐंशी परत येऊ दे, चुलीतली राखसुद्धा भिजायची नाही."

तहमिना आपांनी विचारलं, "चाचा, पाणी वर चढतं तसं बाजूनेही खातं. काठ किती लांब आहे?"

"आपा, तुमचं वय काय?"

"सव्वीस."

"हे बेट तुमच्याहून चारच वर्षांनी लहान आहे. मोठी धार पूर्वेला गेली ती गेली. पश्चिमेला बोरूचं गवत जाऊन आता बाभळी आल्यात. नदी जी जमीन खाणार असते तिच्यावर बाभूळ धरत नाही. हे तुमच्या पुस्तकात नसेल."

लोक हसले. आपांनी मान खाली घालून काहीतरी लिहून घेतलं. मला वाईट वाटलं नाही. शिकलेल्या माणसाला वेळेवर सांगितलेलं बरं असतं.

होडीचं चित्र बायकांच्या गटाने सुचवलेलं. नदीने बेट खायला घेतलं तर अख्ख्या समाजाने एकत्र कुठे उतरायचं ती जागा पलीकडे आधीच बोलून ठेवायची आणि घरं वाहायला समाजाची स्वतःची होडी घ्यायची. माझा मेहुणा काशेम बांधाजवळचं आपलं पडीक रान द्यायला तयार आहे म्हणे. मी म्हणालो, पळायची तयारी करून कुणी नांदत नसतं. आमचे ओसमान मातबर, समाजाचे म्होरके, काठी टेकत उठले. म्हणाले, "मोकसेद बरोबर बोलतोय. माझी सात घरं नदीत गेली. किती वेळा हलायचं माणसाने? आता मरायचं ते एका जागी, सगळ्यांनी मिळून."

त्यांच्या शब्दावर दाणे पडले. जोत्यावर ढीग झाला. होडीवर जे थोडे होते त्यातलेही काही तोताच्या कोंबडीने येऊन खाल्ले.

"बघा," तोता म्हणाला, "माझ्या कोंबडीने दोन-चार ध्येयं गिळली. आता ती अंडी घालणार की नदीत उडी?"

"होडीवाल्याला होडीच दिसणार," मी म्हणालो.

"मला काय मियाँभाई. पलीकडच्या काठाला लोक 'कायम' म्हणतात, तिथलीसुद्धा घरं मीच हलवतो."

आमच्या घरचे दाणे मी मर्जिनाच्या, माझ्या बायकोच्या, हातात दिले होते. तिसरा दाणा मला जोत्यावर पडलेला दिसला नाही. विचारलं तर ती नुसती हसली. कोंबडीच्या पोटात गेला असणार.

माघ २२

ध्येय मंजूर. आराखड्यात आमच्या बेटाचं नाव, त्यापुढे माझी रेघ आणि त्यावर एक हात. तहमिना आपांनी वाचून दाखवलं. शब्द त्यांचे, माप माझं.

मी त्यात एक भर घातली. गेल्या वैशाखातल्या वादळात चार घरांचे पत्रे उडाले, कारण आमची घरं नटबोल्टांवर उभी. सोडवायला सोपं म्हणजे उडायलाही सोपं. तेव्हा ठरवलं की नव्या जोत्यावर खांब सिमेंटमध्ये रोवायचे, आणि बोल्ट घट्ट आवळून प्रत्येकावर सिमेंटचा गोळा बसवायचा. गंज नाही, ढिलेपणा नाही. आधी आपल्या घरावर करून दाखवणार.

मर्जिना म्हणाली, "चुलीच्या खोपटाला नको."

"का नको?"

"धुराने काळं पडेल. चांगलं दिसणार नाही."

बायकांच्या जागेत मी लक्ष घालत नाही. खोपटाचे बोल्ट तसेच ठेवले.

फाल्गुन १४

माती चालू आहे. माणसं, बायका, पाट्या. पश्चिमेच्या काठाजवळ चिकणमाती चांगली निघते, तिथूनच खणून आणतो. वाळूचं जोतं मी कबूल करणार नाही.

आज मातबर चाचांचं जोतं चार बोटं कमी भरलं. पातळी बघायची पाण्याची नळी लावली, पाणी थांबू दिलं, परत लावली. कमीच. त्यांचे जावई म्हणाले, "राहू द्या चाचा, चार बोटांनी काय पूर ओळखतो का?"

"पूर ओळखतो," मी म्हणालो. "तो तेवढंच ओळखतो."

पुन्हा माती टाकायला लावली. तोता होडीत बसून बघत होता. म्हणाला, "इंजिनिअर साहेब, तुमच्या कबरीलाही नळी लावून घेऊ ना?" लोक हसले, मीही हसलो. कष्ट करणाऱ्या माणसांना हसायला काहीतरी लागतं.

चैत्र ३०

चैत्राचा शेवटचा दिवस. या दिवशी बेटावर माणसं मोहरीच्या तेलाची वाटी घेऊन शिडीवर चढतात. घराच्या एकेका बोल्टाला तेल घालायचं, एक वेढा सैल करायचा, परत आवळायचा. आजोबा करायचे, बाप करायचा. पोरं खाली उभी राहून अंगावर तेल सांडलं की ओरडायची.

यंदा बेटावर एकही शिडी लागली नाही. बोल्ट सिमेंटच्या आत आहेत, त्यांना तेल कशाला. अडतीस जोती, अडतीस घरं, सगळी माझ्या नळीखालून गेलेली. सकाळी फिरून आलो. कुठेही हात लावला तरी घर हलत नाही. पंचावन्न वर्षांत असं घर मी कुठल्याच बेटावर पाहिलं नव्हतं.

किरकोळ: तेलाची बाटली अर्धी झाली आहे. मर्जिनाला विचारलं, तर म्हणाली केसांना लावलं. केस कोरडे दिसले. आणि आमची शिडी खोपटाला टेकून ठेवलेली आढळली. कुणी मागून नेतं आणि जागेवर ठेवत नाही.

वैशाख १९

काल दुपारी वादळ आलं. पाऊण तास. पलीकडे बांधावर झोपड्या आडव्या झाल्या, इकडे एक पत्रा हलला नाही. मातबर चाचा स्वतः चालत आले. माझ्या खांबावर त्यांनी काठीने टकटक केलं आणि म्हणाले, "बाबा रे, आयुष्यात पहिल्यांदा वादळात झोप लागली." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तिकडे पाहिलं नाही.

घरातून वस्तू कमी होतात. पितळी कळशी नाही. मर्जिनाच्या आईने शिवलेली गोधडी नाही. भोपळ्याच्या, दोडक्याच्या बिया ज्या शिंकाळ्यात असायच्या, ते शिंकाळं रिकामं. ती महिन्यातून दोनदा भावाकडे जाते, जाताना गाठोडं मोठं असतं आणि येताना लहान. काशेमच्या बायकोला देते, असं मला वाटतं. माणसाने माहेरी किती ओतावं याला माप असावं. अजून बोललो नाही.

जेठ १५

कुर्बानीची ईद. मांसाचे अडतीस वाटे, दरवर्षीप्रमाणे समाजाच्या तराजूवर, माझ्या हातांनी. हाडाचे सारखे, चरबीचे सारखे. एका वाट्यात काळजाचा तुकडा जास्त गेला होता, तो उचलून दुसरीकडे टाकला. तोता म्हणाला, "अल्लाहच्या दरबारात हिशेबाला मियाँभाईला बसवा, रांग लवकर सरकेल."

अडतीस घरांची माणसं शाळेच्या अंगणात केळीच्या पानावर जेवली. मातबर चाचा म्हणाले, सात बेटं बदलली पण हे वाटे कधी कमी झाले नाहीत, समाज एकत्र उतरला म्हणून. मी म्हणालो, आता उतरायचंच नाही. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

मर्जिना उशिरा जेवली. बायकांच्या घोळक्यात काशेमच्या रानाबद्दल काहीतरी चाललं होतं. मी जवळ गेल्यावर थांबलं.

जेठ २७

तोता म्हणतो, वरच्या अंगाला वाळूचा नवा पट्टा निघालाय आणि त्याने धार दोन केलीय. एक आपल्या पश्चिमेला लागतेय.

"तू रोज नवीन बातमी आणतोस," मी म्हणालो.

"बातमी मी आणत नाही, वल्हं आणतं. काल जिथे बांबू टेकायचा तिथे आज टेकत नाही."

संध्याकाळी जाऊन पाहून आलो. आपण माती काढली त्या खळग्यांत नदीचं पाणी आलंय. एक बाभूळ वाकली आहे, वाऱ्याने असेल. काठावर उभा होतो तेव्हा पायाखालून कुणी चटई ओढावी तसं वाटलं. वय झालं की असं होतं म्हणतात. खरं लिहायचं तर मी तिथे फार वेळ थांबलो नाही.

आषाढ ४

पाणी चढतंय. माझ्या रेघेपासून अजून खूप खाली. अंगणं कोरडी. पलीकडच्या चरांवरची माणसं माळ्यावर बसलीत, आमच्याकडे कोंबड्या जोत्यावर चरतायत. मनाला बरं वाटतं.

आषाढ ९

बाभळी गेल्या.

आषाढ ११

शाळेत सगळे जमले. काठ आता शाळेवरून दिसतो. मर्जिना उठून उभी राहिली, बायकांच्या बाजूने. पुरुषांच्या बैठकीत ती कधी उठली नव्हती.

"आजच घरं उतरवा," ती म्हणाली. "काशेम म्हणतो, त्या रानात आता नलखोला चरावरची माणसं उतरलीत. तरी सहा-सात घरांपुरती जागा त्याने धरून ठेवलीय. आज गेलं तर बाकीच्यांसाठी शेजारच्याशी बोलता येईल. उद्या तीही जाईल."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, वाळूचा काठ ढासळतो तसं चिकणमातीचं ठोकलेलं जोतं ढासळत नाही. नदी जोत्यांपाशी येऊन थांबेल, वळेल. आणि आषाढात एवढी घाई करून माणसं कुठे नेणार? एक दिवस पाहू.

मातबर चाचा म्हणाले, "मोकसेद म्हणतो तर एक दिवस पाहू."

तोता उठून होडीतलं पाणी उपसायला गेला. बैठक संपायच्या आधी त्याने उठणं मला आवडलं नाही.

आषाढ १४

हातांना फोड आलेत, अक्षर नीट येत नाही. तरी लिहितो.

बारा तारखेला दुपारी नदी पहिल्या जोत्याला लागली. माती ढासळली नाही, ती एका तुकड्यात गेली. एवढं मोठं ठोकलेलं जोतं, वरचं घर, दारातली जास्वंद, सगळं उभंच्या उभं थोडं पुढे सरकलं आणि खाली बसलं. आवाजही मोठा नव्हता. मातीत मी चूक केली नव्हती. तिच्या खालची वाळू गेली.

मग सगळे घरांवर चढले. आमच्याकडे घर उतरवायला दोन माणसं आणि एक दुपार लागते. पाना लावायचा, बोल्ट फिरवायचे, पत्रे सोडायचे, होडीत रचायचे. माझा बापसुद्धा हे डोळे मिटून करायचा. आता बोल्ट सिमेंटच्या आत होते.

"छिन्नी कुठाय?"

"पलीकडे गवंड्याकडे."

"मग कुऱ्हाड आणा, काहीही आणा."

सिमेंट चांगलं बसलं होतं. वाळू चाळून घेतली होती, पाणी मोजून घातलं होतं, आठ दिवस ओली पोती ठेवली होती. मी एक गोळा फोडला तोपर्यंत शेजारचं जोतं गेलं. माणसं पत्रे ओढत होती, पत्रे फाटत होते. खांब रोवलेलेच राहिले. मातबर चाचांच्या घरावर आम्ही चौघे होतो. चाचा खाली उभे. चार बोटं वाढवून घेतलेल्या त्या जोत्यावर. त्यांनी खांबाला हात लावला आणि वर माझ्याकडे पाहून म्हणाले, "काम पक्कं केलंस रे मोकसेद."

रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं.

आमच्या घराचा एकही पत्रा निघाला नाही. मी खाली आलो तर मर्जिना खोपटाच्या वर होती. एकटी. पाना लावून बोल्ट सैल करायची, मग बोटांनी फिरवून काढायची. ते लोण्यातून निघाल्यासारखे निघत होते. तोताने खाली होडी लावली होती. पत्रे, तुळया, चार खांब, चूल. तिने बोल्ट पदराच्या गाठीत बांधले.

अंधार पडेपर्यंत अडतीसातली सहा घरं अर्धीमुर्धी निघाली, आणि एक खोपट पूर्ण. शाळा सगळ्यात शेवटी गेली, माझ्या रेघेसकट. माणूस एकही गेलं नाही. हे लिहिलं पाहिजे. माणूस एकही गेलं नाही.

आषाढ २३

बांधावर आहोत. खोपट काशेमच्या रानात उभं केलं. मर्जिनाने पदरातून बोल्ट काढून एकेक माझ्या हातात दिले. काशेमच्या घरातून तिने पितळी कळशी आणली, मग गोधडी, मग बियांची पुरचुंडी. मी बघत राहिलो.

विचारलं, "मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "बैठकीत होडीवर दाणा टाकला होता. तुम्ही कोंबडीवर घातलंत."

नंतर ती पोह्यांत गूळ कालवून घेऊन आली. मी खाल्ले. मी खाणं संपवेपर्यंत ती बसून राहिली.

श्रावण २

काशेमच्या रानात आमच्यासकट सातच घरं मावली. पत्रे नाहीत म्हणून बाकीच्यांना कुठल्याच चरावर जमीनदार उतरू देत नाही. घर नसलेल्या कुळाचं तो काय करणार. कुणी सासरच्या गावी, कुणी ढाक्याला रिक्षा ओढायला, दोन घरं गाजीपूरला कपड्यांच्या कारखान्याजवळ. जाणारा माणूस माझ्या दारावरून जातो, कारण रस्ता तोच आहे. सलाम करतो. कुणी शिवी देत नाही. मी दाराबाहेर बसायचं सोडलंय.

श्रावण ६

मातबर चाचा आज गेले. मुलाकडे, गायबांधा शहरात, भाड्याच्या खोलीत. जावयाने हाताला धरलं होतं. समाजाचा तराजू त्यांनी माझ्या दारात ठेवला.

"हा तुमच्याकडे राहू द्या, चाचा."

"खोलीत टांगायला जागा नाही. आणि वाटे कुणाचे करू? तूच ठेव."

"पुढच्या ईदला सगळ्यांना बोलावू."

"बोलाव," ते म्हणाले. "कुठे बोलावशील?"

मी तराजू उचलून घेतला. त्यांनी पाठीवर हात ठेवायला उचलला, पण जावई पुढे चालायला लागला होता.

श्रावण १४

पूर शिगेला आला आणि आज सकाळपासून उतरतोय. मी मोरीवर गेलो. विटांवर ओली रेघ स्वच्छ दिसत होती. अठ्ठ्याऐंशीच्या खुणेपेक्षा चार बोटं वर. एवढा पूर या नदीला माझ्या हयातीत आला नव्हता. दोरी धरली, दोनदा मोजलं.

जोती त्या खुणेच्या एक हात वर होती. हातातून चार बोटं गेली तरी अंगणं कोरडी राहिली असती. चुलीतली राख भिजली नसती. माझं माप बरोबर होतं.

तोताला म्हणालो, जरा तिकडे ने. त्याने काही न विचारता होडी सोडली. पलीकडच्या ताडाची आणि मशिदीच्या मिनाराची रेघ धरून जिथे शाळा होती तिथे थांबलो. मी बांबू खाली सोडला. पूर्ण गेला. तोताने आपला लांब बांबू दिला. तोही हात बुडेपर्यंत गेला आणि टेकला नाही.

"चला मियाँभाई," तोता म्हणाला. टोमणा मारायला एवढी चांगली जागा होती, त्याने मारला नाही.

घरी येऊन मर्जिनाला सांगितलं की पाणी जोत्याच्या खाली राहिलं असतं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "हो. तुम्ही मोजलेलं चुकत नाही."

दिवसभर ते वाक्य माझ्यासोबत आहे. ते कसं घ्यायचं ते मला कळत नाही.

भाद्र १२

तहमिना आपा आल्या होत्या. आराखड्याची छापील पुस्तिका आणली. चैत्रात छापायला गेली होती म्हणाल्या, आता थांबवता आली नाही. शालिक चराच्या पानावर माझा फोटो आहे, जोत्यावर उभा, हातात नळी. खाली लिहिलंय: ध्येय शंभर टक्के पूर्ण. माझ्या मापात त्यांनी कुठेही चूक केलेली नाही.

मी म्हणालो, "आपा, तुम्ही काठाचं विचारलं होतंत."

"मी एकदाच विचारलं, चाचा," त्या म्हणाल्या. "परत विचारायला हवं होतं. तुम्ही इतक्या खात्रीने बोलत होतात."

मग त्यांनी काशेमच्या रानात चुन्याने पुन्हा चित्रं काढली. बांधावरच्यांसाठी नवीन ध्येय हवंय. अंगणात सात घरांची माणसं. चित्रांच्या भोवती एवढी मोकळी जागा पडली की तोताच्या कोंबडीलाही हाकलायची गरज लागली नाही. हातावर तीन दाणे पडले. जोतं, होडी, हातपंप, दवाखाना, गोठा. मी तिथे उभा होतो. लोक माझ्याकडे बघत होते, सवयीने. मी दाणे मुठीतच धरून ठेवले. मर्जिना आली, माझी मूठ उघडली, दाणे घेतले आणि होडीच्या चित्रावर ठेवून आली. अडतीस घरांसाठी होती ती होडी. सात घरांना कशाला एवढी मोठी.

आपा गेल्यावर मर्जिनाने तेलाची वाटी आणली. चैत्र लांब आहे. पण बांधाच्या नदीकडच्या अंगालाही आता धार लागलीय, हे मी काल पाहिलं, आणि तिने बहुतेक माझ्या आधी पाहिलं असेल. खालचे बोल्ट तिने केलेले होते.

"वर माझा हात पोचत नाही," ती म्हणाली.

शिडी लावली. एकेका बोल्टाला तेल घातलं, एक वेढा सैल केला, परत आवळला. घट्ट आवळायची माझी सवय. दोन बोल्ट मी फार आवळले होते, खाली उतरताना आठवलं, म्हणून परत चढलो. बोटांनी सुटतील इतकेच ठेवले.